ऊन, गोळी आणि घरी परतलेला रुग्ण

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकात 'विनामूल्य वस्तू' या सदराखाली दोन उदाहरणे हमखास असतात : हवा आणि सूर्यप्रकाश. पुरवठा अमर्याद, किंमत शून्य आणि वाटणीवरून तंटा नाही, अशी ही वस्तू होय, असे विद्यार्थी पाठ करतो आणि परीक्षेत लिहून मोकळा होतो. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांधसारख्या गावी या व्याख्येविषयी शंका घेण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही. एकवीस अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ वसलेल्या या गावी सूर्य वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, माध्यान्ही नेमका डोक्यावर येतो. धानाच्या बांध्यांत दिवसभर वाकून राबणाऱ्या माणसाला उन्हाची टंचाई भासेल, हे म्हणणेच हास्यास्पद वाटावे.

तरीही गेल्या दोन दशकांत वैद्यकाने हा प्रश्न गांभीर्याने विचारला आहे. मोठ्या आतड्याच्या अथवा गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर रुग्ण किती सावरतो आणि किती वर्षे जगतो, याचा त्याच्या रक्तातील 'ड' जीवनसत्त्वाच्या प्रमाणाशी काही संबंध आहे काय, असा तो प्रश्न. जगात या रोगाचे दरवर्षी एकोणीस लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळतात आणि सुमारे नऊ लाख माणसे त्याने दगावतात. भारतात २०२२ साली नव्या रुग्णांची संख्या सत्तर हजारांच्या आसपास होती, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी असले, तरी आपल्याकडील रुग्ण तुलनेने तरुण असतो आणि रुग्णालयात उशिरा पोहोचतो. म्हणजे ज्याच्यावर शस्त्रक्रिया होते तो पुष्कळदा घरातील कमावता माणूस असतो.

'ड' जीवनसत्त्व हे नाव १९२२ साली अमेरिकी संशोधक मॅकॉलम यांनी रूढ केले. पण काटेकोरपणे पाहता हे जीवनसत्त्व नव्हेच. जीवनसत्त्वे अन्नातून मिळवावी लागतात. हे मात्र शरीर स्वतः तयार करते. सूर्यकिरणांतील अतिनील भागाचा एक विशिष्ट पट्टा कातडीवर पडला की तेथील कोलेस्टेरॉलच्या जातीच्या एका द्रव्यापासून ते बनू लागते. पुढे यकृतात त्याच्यावर एक संस्कार होतो, मूत्रपिंडात दुसरा, आणि मग ते संप्रेरकासारखे काम करू लागते. रक्तचाचणीत मोजला जातो तो यकृतातून बाहेर पडलेला मधला पदार्थ. अन्नातून मिळणारा वाटा अल्प असतो : अंड्याचा बलक, यकृत, तेलकट मासे, उन्हात वाळवलेली अळिंबी. हाडांना कॅल्शियम मिळवून देणे हे त्याचे पुरातन काम. त्याच्या दीर्घ अभावाने मांड्यांचे व खांद्यांचे स्नायू दुबळे होतात, हेही निर्विवाद आहे. आतड्याच्या अस्तरातील पेशींवरही त्याची ग्रहणस्थाने असतात आणि प्रयोगशाळेत ते त्या पेशींच्या अनिर्बंध वाढीला आवर घालताना दिसते. कर्करोगाशी त्याचा धागा जुळला तो येथे.

ऊन विनामूल्य असले तरी त्याची वाटणी सारखी नसते, याचा फार जुना पुरावा महाराष्ट्रातच सापडतो. १९२२ साली हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी नाशिकमधील मुडदुसाच्या रुग्णांविषयीची आपली पाहणी 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. मुडदूस हा निकृष्ट अन्नाचा रोग, अशी समजूत असण्याचा तो काळ. नाशिकात दिसले ते उलटेच. अर्धपोटी राहणाऱ्या, शेतात आईच्या पाठीशी वाढणाऱ्या मुलांत मुडदूस आढळेना. आणि खाऊनपिऊन सुखी अशा, पडदा पाळणाऱ्या, माजघरात बंदिस्त असणाऱ्या घराण्यांतील मुले व स्त्रिया त्याने पिडलेल्या. गरिबीचा एक अनपेक्षित लाभ शास्त्राने नोंदवला असेल, तर तो हा. आज शंभर वर्षांनंतर त्या लेखातील आकड्यांपेक्षा त्याची दृष्टी महत्त्वाची वाटते. त्या दोघांनी सूर्य किती तळपतो हे मोजले नाही. कोणाला त्या सूर्याखाली उभे राहण्याची मुभा आहे, हे पाहिले.

कर्करोगाच्या बाबतीत असाच विचार १९८० साली पुढे आला. अमेरिकेतील सेड्रिक आणि फ्रँक गारलँड या बंधूंनी आतड्याच्या कर्करोगाच्या मृत्यूंचा नकाशा आणि सूर्यप्रकाशाचा नकाशा शेजारी शेजारी ठेवले. ईशान्येकडील ढगाळ राज्यांत मृत्यू अधिक, नैर्ऋत्येकडील उन्हाळ राज्यांत कमी, असे त्यांना दिसले आणि 'ड' जीवनसत्त्व हा त्यामागचा दुवा असावा, असा तर्क त्यांनी मांडला. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे धोक्याची घंटा ऐकू यायला हवी. प्रांताच्या सरासरीवरून त्यातील व्यक्तीविषयी अनुमान काढणे हा जुना सापळा आहे. ईशान्य आणि नैर्ऋत्य अमेरिकेत ऊन वेगळे, तसेच अन्न, धंदे, लोकांचे वय आणि वस्तीची घनताही वेगळी. तथापि तर्क चुकीचा नसेल, तर तो व्यक्तीच्या पातळीवर तपासता येतो. तसा तो पुढे तपासला गेला.

त्यांतील एक ठळक पाहणी स्कॉटलंडची. तेथे मेघाच्छादित आकाश आणि आतड्याचा कर्करोग, दोन्ही विपुल. सुमारे सोळाशे रुग्णांचे रक्त शस्त्रक्रियेनंतर तपासून त्यांचा पुढील मागोवा घेण्यात आला आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या रक्तात 'ड' जीवनसत्त्व अधिक, ते अधिक जगले. रोगाच्या दुसऱ्या टप्प्यातील रुग्णांपैकी वरच्या गटातील सुमारे तीन चतुर्थांश पाच वर्षांनी हयात होते. खालच्या गटातील दोन तृतीयांशांहूनही कमी. अन्य देशांतील पाहण्यांची दिशाही बव्हंशी हीच. वृत्तपत्रांनी अर्थातच मथळे दिले आणि औषधविक्रेत्यांनी ते कातरून ठेवले.

येथे थोडे थांबले पाहिजे. दोन गोष्टी एकत्र चालतात एवढ्यावरून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे वाक्य वर्गात सोपे वाटते. रुग्णाच्या खाटेशेजारी ते विसरले जाते. नवेगाव बांध परिसरातल्या एखाद्या शेतमजुराची कल्पना करावी. शौचावाटे रक्त जाऊ लागते. ते मूळव्याधीचे म्हणून सहा-आठ महिने झाडपाल्यावर आणि दुकानातल्या मलमावर निघतात. रक्त कमी होते, धाप लागते, वजन घटते. प्रथम तो ओझी उचलणे सोडतो, मग रोवणीला जात नाही, मग कापणीलाही नाही. सपरीतली खाट घराच्या आत जाते. साकोलीच्या वा गोंदियाच्या दवाखान्यात निदान होऊन तो नागपूरला पोहोचतो, तेव्हा त्याच्या अंगाला कित्येक महिन्यांत दुपारचे ऊन लागलेले नसते. त्या क्षणी त्याचे रक्त तपासले, तर 'ड' जीवनसत्त्व कमी भरणारच. रोग जितका पुढे गेलेला, तितका हा घरकोंडा दीर्घ आणि तितके ते प्रमाण कमी. पुढे हा रुग्ण लवकर दगावला, तर त्याला जीवनसत्त्वाच्या अभावाने मारले की रोगानेच आधी ऊन तोडले आणि मग जीव घेतला?

याला आणखी एक गोष्ट पुस्ती जोडते. शरीरावर मोठा आघात झाला, दाह उसळला, की रक्तातील या पदार्थाचे प्रमाण काही तासांत आणि दिवसांत आपोआप घसरते. गुडघ्याचा सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेसारख्या, कर्करोगाशी काहीही संबंध नसलेल्या प्रसंगीही ते घसरल्याचे मोजमापांत आढळले आहे. आतड्याची शस्त्रक्रिया तर त्याहून मोठा आघात. तेव्हा शस्त्रक्रियेनंतर लगोलग केलेली चाचणी रुग्णाच्या साठ्याविषयी फारसे सांगत नाही. त्याला नुकतेच कापले आहे, एवढेच ती सांगते. ही बाब रुग्णालयाच्या दारातल्या प्रयोगशाळेला सोयीची नाही, हा भाग वेगळा.

आपल्या देशाचा अनुभवही या तर्कात नीट बसत नाही. २००० साली दिल्लीतील निरोगी माणसांत आणि २०११ साली मुंबईतील सुमारे अकराशे तरुणांत या जीवनसत्त्वाची व्यापक कमतरता आढळली. मुंबईच्या पाहणीत तर सत्तर टक्के तरुण कमतरतेच्या रेषेखाली होते. काळसर कातडीला तेवढेच जीवनसत्त्व बनवायला अधिक वेळ लागतो, शहरात माणूस छपराखालून छपराखाली जातो, आणि धुरकट हवा किरणांचा उपयुक्त भाग अडवते. कमतरतेनेच आतड्याचा कर्करोग होत असता, तर आपली महानगरे या रोगाच्या यादीत अग्रभागी असायला हवी होती. ती नाहीत. अन्न, वजन, मद्य, तंबाखू, शरीरश्रम, आनुवंशिकता ही कारणे त्या यादीत अधिक वजनदार आहेत.

कारण आणि खूण यांचा असा गुंता सुटतो तो एकाच मार्गाने. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावेत, एका गटाला खरी गोळी द्यावी, दुसऱ्याला दिसायला तशीच पण निष्प्रभ गोळी द्यावी, आणि वाट पाहावी. जपानने हे केले. अन्नमार्गाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या ४१७ रुग्णांवरील या प्रयोगात जवळजवळ निम्मे रुग्ण आतड्याच्या कर्करोगाचे होते. रोजची मात्रा २,००० एककांची. २०१९ साली आलेला निष्कर्ष असा : पाच वर्षे रोग न उलटता जगलेल्यांचे प्रमाण खऱ्या गोळीच्या गटात ७७ टक्के, दुसऱ्या गटात ६९ टक्के. ऐकताना फरक भरघोस वाटतो. पण एवढ्या लहान संख्येत तो योगायोगानेही पडू शकतो, असा संख्याशास्त्राचा कौल पडला. त्याच वर्षी अमेरिकेत रोग पसरलेल्या १३९ रुग्णांवरील प्रयोगातही मोठ्या मात्रेच्या बाजूने असाच अर्धवट झुकाव दिसला. त्यावरून आशा धरून पुढे चारशेहून अधिक रुग्णांवर मोठा प्रयोग झाला आणि २०२५ मध्ये त्याचे उत्तर आले : मोठ्या मात्रेने रोगाची आगेकूच थांबली नाही. निरोगी माणसांवरील २५,८७१ जणांच्या अमेरिकी प्रयोगातही या गोळीने कर्करोग टळला नव्हता.

म्हणजे गोळी अगदीच निरुपयोगी ठरली, असे नव्हे. शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांसाठी तिचा लाभ सिद्ध झालेला नाही आणि पूर्णपणे खोडलाही गेलेला नाही; जपानच्या आठ टक्क्यांवर मोठ्या प्रयोगाने शिक्कामोर्तब व्हावयाचे आहे. पण याच २०२५ सालात दुसऱ्या एका प्रयोगाचे उत्तर आले, आणि ते निःसंदिग्ध आहे. कॅनडा व ऑस्ट्रेलिया यांच्या पुढाकाराने झालेल्या या प्रयोगात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि नंतरची केमोथेरपी पूर्ण केलेले ८८९ रुग्ण होते. निम्म्यांना आरोग्यविषयक पुस्तिका देण्यात आली. उरलेल्या निम्म्यांना तीन वर्षे व्यायामाचा आखीव कार्यक्रम आणि त्यावर देखरेख करणारा मार्गदर्शक मिळाला. व्यायाम म्हणजे काही मल्लखांब नव्हे. आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास झपझप चालणे, एवढी अधिकची भर पुरेशी होती. पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण पुस्तिकेच्या गटात सुमारे ७४ टक्के, चालणाऱ्यांच्या गटात ८० टक्के. आठ वर्षांनी हयात असलेले अनुक्रमे ८३ आणि ९० टक्के. एखाद्या महागड्या औषधाने एवढा फरक पाडला असता, तर त्याची किंमत लाखांत ठरली असती.

आता स्कॉटलंडकडे पुन्हा पाहावे. तेथील ज्या रुग्णांच्या रक्तात 'ड' जीवनसत्त्व अधिक होते, ते बहुधा घराबाहेर पडणारे, चालणारे, आपली कामे आपण करणारे रुग्ण होते. निदान त्यांच्या दीर्घायुष्याचा काही वाटा तरी या हिंडण्याफिरण्याचा असणार, हे मानायला आता भक्कम आधार आहे. रक्तातले ऊन ही मोकळ्या जगण्याची नोंद होती. बाजाराने ती नोंदच बाटलीत भरून विकायला काढली.

नवेगाव बांधच्या रुग्णाला या ज्ञानाचा उपयोग किती? गावाहून गोंदिया पासष्ट-सत्तर किलोमीटर आणि नागपूर सुमारे दीडशे. जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला आणि गोंदियाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले ते २०१६ साली. कर्करोगाच्या उपचारासाठी मात्र नागपूरचीच वाट धरावी लागते. २०१२ साली निराळ्या नावाने सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या राज्याच्या जन आरोग्य योजनेमुळे शस्त्रक्रियेचा आणि केमोथेरपीचा खर्च आता गरिबाच्या अंगावर पूर्वीसारखा येत नाही. ही लहान गोष्ट नाही. पूर्वी या एका आजारात बांधी विकली जात असे. परंतु योजनेचा हिशेब मुख्यतः रुग्णालयाच्या दाराशी संपतो आणि रुग्णाचे सावरणे तेथून पुढे सुरू होते.

तो घरी येतो. जाड मातीच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, खिडकी असली तर हातभर. वैशाखात जीव वाचवणारी ही रचना आजाऱ्याला मात्र अंधारात ठेवते. कापलेल्या अंगाला वारा लागू नये, ऊन लागू नये, उठू देऊ नये, ही समजूत सार्वत्रिक आहे. तिच्यामागे माया असते, म्हणून ती मोडणे कठीण. डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केहलेट यांनी १९९०च्या दशकात दाखवून दिले की आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला लवकर उठवले, लवकर खाऊ घातले, तर तो लवकर बरा होतो. मोठ्या रुग्णालयांनी हे स्वीकारले आहे. तेथे दुसऱ्या दिवशी बोट धरून चालवलेला रुग्ण घरी येताच पुन्हा खाटेला खिळतो, कारण घरच्यांना कोणी काही समजावलेले नसते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. 'उन्हात बसा' हा सल्ला या रुग्णाला सरसकट देणे धोक्याचे आहे. आतड्याच्या कर्करोगात वापरल्या जाणाऱ्या काही प्रमुख औषधांनी कातडी उन्हाला असह्य होते, भाजते, काळवंडते. काहींचे लहान आतडे तात्पुरते पोटावर आणून शौचाचा मार्ग तेथून काढलेला असतो. त्यांच्या शरीरातून पाणी व क्षार सतत जातात. पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा अशा रुग्णाला दुपारच्या उन्हात बसवणे म्हणजे त्याला कोरडा पाडणे होय. म्हणून चालायचे ते सकाळी किंवा दिवस कलताना, आणि 'ड' जीवनसत्त्वासाठी त्या काळात गोळीच बरी. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढाची रोजची गरज ६०० एकके ठरवली आहे. डॉक्टरच्या सल्ल्याने घेतलेली अशी साधी मात्रा स्वस्त असते, निर्धोक असते आणि हाडा-स्नायूंसाठी तिची गरज कर्करोगाच्या वादाखेरीजही सिद्ध आहे. तिच्यासाठी दरवेळी चाचणी करण्याची निकड नाही. २०२४ साली अमेरिकेतील अंतःस्रावतज्ज्ञांच्या संघटनेने निरोगी प्रौढांच्या सरसकट चाचण्यांविरुद्धच मत दिले.

फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ बास्तिया यांनी १८४५ साली एक विनोदी अर्ज लिहिला होता. सूर्य फुकट प्रकाश देऊन आमचा धंदा बुडवतो, सबब सर्वांना खिडक्या बंद ठेवण्याचा कायदा करावा, अशी मेणबत्तीवाल्यांची मागणी त्यात होती. आज खिडक्या आपण होऊन बंद आहेत आणि ऊन पुडीतून मिळते. साठ हजार एककांची पुडी आठवड्याला एक, काही आठवडे, ही आपल्याकडची रूढ पद्धत. ती वैद्याच्या नजरेखाली ठीक आहे. पण पुडी संपली की दुकानातून आणखी आणावी, वरून सुई टोचून घ्यावी, असे महिनोन्‌महिने चालले, तर रक्तात कॅल्शियम साठून उलट्या, भ्रम आणि मूत्रपिंडाची इजा होते. चाचणीचे म्हणावे, तर खासगी प्रयोगशाळेत तिला बहुधा हजाराच्या आसपास रुपये पडतात. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दिवसाचा दर २९७ रुपये होता. म्हणजे कागदावरच्या एका आकड्यासाठी मजुराची तीन दिवसांहून अधिक मजुरी जाते.

खरा खर्च वेगळाच आहे आणि तो कोणत्याही पावतीवर येत नाही. महिन्याला पंधराच दिवस काम धरले, तरी त्या दराने सहा महिन्यांत रुग्णाची सव्वीस हजारांहून अधिक मजुरी बुडते. त्याच्यासोबत नागपूरला जाणाऱ्या माणसाची बुडते ती निराळी. घरात पैसा कमी आला की प्रथम अंडी बंद होतात, मग डाळ पातळ होते. भात तेवढा उरतो. ज्या महिन्यांत जखम भरायला आणि झिजलेले स्नायू परत यायला प्रथिने हवीत, नेमक्या त्याच महिन्यांत ती ताटातून जातात. तपासणीच्या फेऱ्या चुकू लागतात. माणूस पुरता सावरण्याआधी कामावर जातो किंवा धीर सोडून खाटेवर पडून राहतो. दोन्हींचा शेवट चांगला नसतो.

बांधून झालेल्या कामाची पुढची निगा कोणाकडे, हा प्रश्न या भागाला नवा नाही. नवेगावचा तलाव अठराव्या शतकात कोहळी समाजातील कोलू पाटलाने बांधला, असे परंपरा सांगते. भंडारा-गोंदियाच्या असंख्य मालगुजारी तलावांप्रमाणे त्याच्या मागेही केवळ पाळ घालण्याचे कौशल्य नव्हते. गाळ काढणे, तुडुंब, पाट आणि पाण्याची पाळी सांभाळणे यांची गावात ठरलेली जबाबदारी होती. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झाले. तलाव सरकारकडे आले. पण निगेची जुनी व्यवस्था मोडली आणि नवी पुरती उभी राहिली नाही. कित्येक तलाव गाळाने भरत गेले. पाळ कोणी फोडली नव्हती. शस्त्रक्रियेचा खर्च उचलून पुढचे सहा महिने बेवारस सोडणारी आरोग्ययोजना याच वाटेने चालली आहे.

व्यवस्था अशक्य आहे, असेही नाही, कारण तिचे दोन नमुने हाताशी आहेत. क्षयरोग्याला उपचारकाळात पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये थेट खात्यात मिळू लागले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० झाली. औषध फुकट देऊनही अर्धपोटी माणूस बरा होत नाही, हे तेथे सरकारने मान्य केले. आतड्याचा तुकडा काढलेल्या माणसाचे पोट काही वेगळे नसते. दुसरा नमुना शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातला. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच प्रशिक्षित स्त्रीने ठरलेल्या दिवशी घरी जाऊन नवजात बाळाची पाहणी केल्यास बालमृत्यू घटतात, हे १९९९ साली जगापुढे ठेवले. पुढे देशभर आशा कार्यकर्तीकडे ते काम आले आणि त्या भेटींचा तिला मोबदला ठरला. कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन गावात परतणाऱ्यांची संख्या नवजात बाळांच्या मानाने अगदी थोडी असते. त्यांच्यासाठी सहा महिन्यांत ठरावीक भेटी आखणे, वजन नोंदवणे, जखम व पोटावरची पिशवी पाहणे, गोळ्या घेतल्या की नाही हे विचारणे आणि किती चालला ते लिहिणे, यासाठी नवी इमारत लागत नाही. लागतो तो आशेच्या वहीत एक रकाना आणि तो भरल्याबद्दल तिला वेळेवर पैसे. आजवर तिच्यावर कामे लादताना या दुसऱ्या गोष्टीचा विसर पडत आला आहे, म्हणून तिचा उल्लेख मुद्दाम केला पाहिजे.

रुग्णालयाकडून मिळणाऱ्या घरी सोडण्याच्या कागदाचेही असेच. तो बहुधा इंग्रजीत असतो. त्यावर गाठीचे वर्णन आणि औषधांची नावे असतात. रुग्णाने कधी उठावे, किती चालावे, ऊन कोणते चालेल, अंडे व मासळी खावी की नाही, पुडी किती आठवड्यांनी थांबवावी, हे मराठीत दहा ओळींत लिहिता येईल. कागदावर ते नसते, तेव्हा ती पोकळी शेजारी, भगत आणि औषधाचा दुकानदार भरून काढतात.

वर्षभरातला सर्वांत कठीण काळ रोवणीचा. जुलैच्या त्या तीन-चार आठवड्यांत गावातील प्रत्येक हात बांधीत असतो, कारण परे वेळेवर रोवले नाहीत तर वर्षाचे धान जाते. घरात राहतात ती लहान मुले आणि आजारी माणूस. रुग्णाला हात धरून तलावाच्या पाळीपर्यंत नेऊन आणायला त्या दिवसांत कोणी मोकळे नसते, आणि त्याच्यापाशी बसण्यासाठी कोणी घरी थांबले, तर त्याची त्या हंगामातली मजुरी बुडते. पोषणाचा भत्ता सुरू झाला, तर त्याची रक्कम ठरवताना या आठवड्यांचा हिशेब वेगळा धरावा लागेल.